चौदाशे पानं, चार धागे

साहित्य शिकणाऱ्या मुलीनं ऑपरेटिंग सिस्टीमवर लिहावं, हे मंडळाच्या अंकात जरा विचित्र दिसेल. पण आपल्या जुन्या अंकांचं डिजिटल दालन नाताळनंतर सुरू होणार होतं, ते महिनाभर का रखडलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं अर्धं उत्तर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आहे आणि अर्धं माझ्यात. दोन्ही सांगते.

तर झालं असं. मंडळाच्या कपाटातले जुने छापील अंक आम्ही तिघींनी बसून स्कॅन केले. एकूण 1,412 पानं. पण स्कॅन म्हणजे शेवटी फोटोच. त्यात एखादं नाव शोधायचं म्हटलं तर प्रत्येक पान उघडून डोळ्यांनी वाचावं लागतं. म्हणून त्या फोटोंमधला मजकूर अक्षरांत उतरवायचा होता. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. 1980 च्या दशकात एचपी कंपनीत ते तयार झालं, 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि त्याला मराठी वाचता येतं. जोडाक्षराला अडखळतं, रफाराला दचकतं, पण वाचतं. मी पायथनचा एक छोटा कोर्स केला होता, एवढ्या पुण्याईवर हे काम माझ्या गळ्यात पडलं.

नाताळच्या सुट्टीत मी मावशीकडे राऊला जाते. राऊ म्हणजे इंदूर आणि महू यांच्या मधलं गाव, आता जवळजवळ इंदूरच झालेलं. काका पिथमपूरला कारखान्यात असतात, दादा घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करतो. लॅपटॉप आणि स्कॅन घेऊन मी अवंतिका एक्स्प्रेसनं निघाले तेव्हा मनात हिशेब तयार होता. एका पानाला दहा सेकंद. 1,412 पानं एकामागून एक वाचली तर जवळजवळ चार तास. पण संगणकाला एका वेळी अनेक कामं देता येतात. प्रत्येक कामाचा एक ‘थ्रेड’, म्हणजे धागा. मग 1,412 पानांना 1,412 थ्रेड दिले की सगळं दहा सेकंदांत! कोर्समध्ये हे कुणाला कसं सुचलं नाही, याचं मला आश्चर्यच वाटत होतं.

राऊला पोचल्याच्या रात्री जेवण झाल्यावर मी एंटर दाबलं. पंखा विमानासारखा ओरडायला लागला. माऊसचा बाण थांबला. मग घड्याळही थांबलं, 10:47 वर. पंधरा मिनिटं मी त्या बाणाकडे बघत बसले. दादा पाणी प्यायला उठला होता.

“किती थ्रेड सोडलेस?”

“चौदाशे बारा.”

त्यानं काही न बोलता पॉवरचं बटण दाबून धरलं. लॅपटॉप बंद झाला. “झोप आता. सकाळी पोहे खायला चल, तिथंच सांगतो.”

इंदूरकडच्या पोह्यांबद्दल लिहायला बसले तर हा लेख तिथंच संपेल, म्हणून एवढंच सांगते की ते वाफेवरचे असतात, वर शेव आणि जीरावन, आणि बाजूला जलेबी. राऊच्या त्या दुकानात सकाळी सात वाजता ही गर्दी. आत पोरं मात्र चारच. दादा म्हणाला, “मोज. गिऱ्हाईक किती?” चाळीसेक असतील. “मग मालकानं चाळीस पोरं का नाही ठेवली?”

उत्तर समोर दिसत होतं. पाच माणसं उभी राहिली तर भरून जाईल एवढंच दुकान. शेगड्या दोन. चाळीस पोरं आत शिरली तर एकमेकांच्या अंगावर पोहे सांडण्यापलीकडे काही होणार नाही. “काल रात्री तू हेच केलंस,” दादा म्हणाला. “तुझ्या लॅपटॉपला चार कोर, म्हणजे शेगड्या चार. आणि तू चौदाशे पोरं आत ढकललीस. प्रत्येकाच्या हातात एक टेसरॅक्ट. प्रत्येकानं स्वतःपुरती मेमरी मागितली, ती संपली, मग सगळा वेळ सामान डिस्कवर ठेवण्यात आणि परत आणण्यात गेला. वाचायचं कुणी?”

मग त्यानं मला नीट समजावलं. चालू असलेला प्रोग्राम म्हणजे प्रोसेस. तिचं स्वयंपाकघर एकच : मेमरी, उघडलेल्या फाइली, सगळं सामाईक. थ्रेड म्हणजे त्या स्वयंपाकघरातला एकेक हात. सामान सामाईक असलं तरी प्रत्येक थ्रेडला स्वतःची अशी थोडी जागा लागतेच, कारण मी कुठवर आलो, आता काय करतोय, हे त्याला कुठंतरी लिहून ठेवावं लागतं. त्या जागेला स्टॅक म्हणतात. लिनक्सवर साधारणपणे एका थ्रेडच्या स्टॅकसाठी 8 एमबी जागा राखून ठेवतात. सगळी लगेच वापरली जात नाही. रेल्वेच्या आरक्षणासारखं, नाव लागतं, माणूस मागाहून बसतो. स्टॅकच्या टोकाला हात लावायला मनाई असलेली एक पट्टी असते. एखादा थ्रेड पसरत पसरत शेजाऱ्याच्या जागेत घुसायला लागला तर तिथंच अडकतो.

“पण ही जागा देतं कोण?” मी विचारलं.

“थ्रेडिंग लायब्ररी.”

मला वाटलं होतं लायब्ररी म्हणजे नुसती तयार फंक्शनं. दादाच्या बोलण्यातून जे उमजलं ते आपल्या भाषेत सांगायचं तर ती नाटकातली सूत्रधार आहे. रंगमंच तिचा नाही, तो ऑपरेटिंग सिस्टीमचा, म्हणजे कर्नलचा. पण कोणत्या पात्राला कधी आत आणायचं, त्याला उभं राहायला जागा कुठली, त्याचं काम संपल्यावर ती जागा कुणाला द्यायची, हे सूत्रधार बघते. आणि शब्दसुद्धा बघा : सूत्र धरणारा तो सूत्रधार. इंग्रजी शिकवायच्या तासाला हा शब्द मला कधी एवढा उपयोगी पडला नव्हता!

युनिक्सच्या जगात या सूत्रधाराचे नियम 1995 साली पॉझिक्स या मानकात लिहिले गेले. लिनक्सवर आधी झाविए लेरॉय या फ्रेंच संशोधकाची लिनक्सथ्रेड्स ही लायब्ररी होती. तिच्यात एक गंमत होती. थ्रेड जन्माला घालायला आणि त्यांचं मागचं आवरायला ती एक वेगळा ‘मॅनेजर’ थ्रेड ठेवायची. प्रत्येक येणं-जाणं त्या एकाच मुकादमाकडून. गर्दी वाढली की रांग मुकादमापाशीच. शिवाय कर्नलला थ्रेड ही गोष्ट नीट कळत नसे, त्यामुळे एकाच प्रोग्रामचे थ्रेड त्याला वेगवेगळ्या प्रोसेससारखे दिसायचे.

हे बदलायला दोन गट निघाले. आयबीएमच्या गटाचं म्हणणं होतं की बरेच थ्रेड लायब्ररीनं आपल्यापुरते ठेवावेत आणि कर्नलला त्यातले थोडेच दाखवावेत. म्हणजे दुकानात पोरं वीस, पण नगरपालिकेच्या वहीत नावं चारच. रेड हॅटच्या उलरिच ड्रेपर आणि इंगो मोलनार यांनी साधा मार्ग घेतला : जेवढे थ्रेड तेवढ्यांची नोंद कर्नलकडे, आणि ती नोंद करणंच स्वस्त करायचं. 2003 मध्ये त्यांची लायब्ररी रुळली आणि मुकादम गेला. त्यांच्या चाचणीत एक लाख थ्रेड दोन सेकंदांत सुरू झाले. जुन्या पद्धतीनं त्याला पंधरा मिनिटं लागली असती. आयबीएमनं आपला प्रयत्न गुंडाळला. पण हरलेली कल्पना मरत नाही, हे साहित्याच्या इतिहासाइतकंच इथंही खरं. गो या भाषेत ती आहे, आणि 2023 च्या सप्टेंबरमध्ये जावाच्या 21 व्या आवृत्तीत ती ‘व्हर्च्युअल थ्रेड’ म्हणून परत आली.

“एक लाख थ्रेड चालतात, मग माझे चौदाशे का नाही?” मी जलेबी संपवत विचारलं.

“चाचणीतल्या थ्रेडना काही करायचं नव्हतं. नुसतं यायचं आणि जायचं. तुझ्यांना प्रत्येकी एक पान वाचायचं होतं.” आणि मग तो म्हणाला ते मी वहीत लिहून घेतलं : “थ्रेड सुरू करणं आता फारसं महाग नसतं गं. त्याला पोसणं महाग असतं, आणि त्याचं मागचं आवरणं लोक विसरतात.”

घरी येऊन त्यानं मला थ्रेड पूल शिकवला. पूल म्हणजे ठरावीक पोरं. काम आलं की रांगेत लागतं. जो मोकळा होईल तो रांगेतलं पुढचं उचलतो. काम संपलं म्हणून पोराला घरी पाठवायचं नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला नवा शोधायचा नाही. पायथनमध्ये हे आयतं मिळतं. मी चार थ्रेडचा पूल केला. शिवाय शहाणपणा म्हणून माझी एक अट घातली : एखादं पान साठ सेकंदांत वाचून झालं नाही तर ते सोडून द्यायचं, उगाच अडवून ठेवायचं नाही. दुपारी सुरू केलं. पंखा कुरकुरत होता, पण माऊस हलत होता. माझ्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. मध्यरात्र उलटून गेल्यावर पडद्यावर आलं, ‘पूर्ण’. मी ग्रुपवर फटाक्यांचे चार इमोजी टाकले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी मावशी लसूण सोलत बसली होती. तिनं सहज विचारलं, “काय गं, तुझ्या आईचा लेख सापडला का?”

“आईचा कुठला लेख?”

“अगं, कॉलेजात असताना लिहिला होता ना तिनं, तुमच्याच त्या मंडळाच्या अंकात. बावखलावर. घरी सगळ्यांना वाचून दाखवला होता. बाबा तर अंक घेऊन वाडीभर फिरले होते.”

आई याच कॉलेजात शिकली, हे मला माहीत होतं. नव्वदच्या आसपास. ती मंडळात होती, हेही कधीतरी ओझरतं ऐकलं होतं. ‘मी पण एकदा लिहिलं होतं’ असं ती म्हणालीही असेल, आणि मी ‘हो का’ म्हणून मोबाइल बघत राहिले असेन. काय लिहिलंस, कुठं आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी लेखकांच्या मुलाखती वाचते, त्यांच्या पहिल्या लेखनाबद्दल ट्यूटोरियल लिहिते, आणि हे मात्र राऊला येऊन मावशीकडून कळत होतं.

मी धावत जाऊन आईचं माहेरचं नाव शोधलं. शून्य. नुसतं आडनाव शोधलं. दुसऱ्याच कुणाच्या चार कविता. ‘बावखल’ शोधलं. शून्य. मावशीला वाटलं आपलीच काही चूक होतेय. “दुसऱ्या कुठल्या मासिकात असेल बाई,” असं म्हणून ती लसणाकडे वळली. मीही तेच धरून चालले असते. पण दादानं विचारलं, “फाइली किती झाल्या?”

मोजल्या. 1,409.

तीन पानं कमी. कुठलीही चूक पडद्यावर आली नव्हती. ‘पूर्ण’ असंच आलं होतं.

दादानं माझा प्रोग्राम उघडला. “तू कामं वाटलीस. पण झालं का, काय झालं, हे एकालाही विचारलं नाहीस.”

इथं खरी गोष्ट सुरू होते. आपण थ्रेडला कामाला लावतो तेव्हा लायब्ररी विचारते, याचं काम संपल्यावर याची वाट कोण बघणार? पॉझिक्सच्या नियमांत दोनच उत्तरं आहेत. एक म्हणजे ‘जॉइन’. ज्यानं पाठवलं त्यानं थांबायचं, परतलेल्याचा निरोप ऐकायचा. निरोप ऐकला जाईपर्यंत लायब्ररी त्या थ्रेडचा स्टॅक आणि त्याची नोंद सांभाळून ठेवते, काम संपून कितीही वेळ झाला तरी. निरोप ऐकला की मगच ती जागा मोकळी होते. तीही लगेच फेकून देत नाहीत. धुऊन ठेवलेल्या ताटलीसारखी काही मर्यादेपर्यंत बाजूला ठेवतात, पुढच्या थ्रेडला तीच देतात. दुसरं उत्तर ‘डिटॅच’. मी वाट बघणार नाही, याचं झालं की तुमचं तुम्ही आवरा. तेही चालतं. त्या थ्रेडची जागा लायब्ररी स्वतःच आवरते, मात्र त्याचा निरोप कुणालाही मिळत नाही.

चालत नाही ते तिसरं. वाट बघेन म्हणायचं आणि फिरकायचंच नाही. मग काम संपलेले थ्रेड जागा अडवून उभेच राहतात. ते काही करत नाहीत, काही मागत नाहीत, पण जाऊही शकत नाहीत. त्यांना झोंबी म्हणतात. मला तो शब्द आवडला नाही. दोष त्यांचा नसतो.

पायथनच्या पूलमध्ये रूप वेगळं, पण तत्त्व हेच. प्रत्येक काम दिल्यावर एक पावती मिळते. काम नीट झालं तर पावतीवर उत्तर येतं. काम करताना काही बिघडलं तर ते बिघडणंही त्याच पावतीवर नोंदलं जातं, ओरडून सांगितलं जात नाही. पावती उलटून ‘निकाल काय’ असं विचारलं तरच कळतं. मी 1,412 पावत्या घेतल्या आणि एकही उलटली नाही. प्रोग्राम सगळ्यांचं संपेपर्यंत थांबला होता. पण थांबणं वेगळं आणि विचारणं वेगळं.

आम्ही पावत्या उलटल्या. तिन्हींवर एकच मजकूर : वेळ संपली. माझीच साठ सेकंदांची अट. ती पानं इतरांपेक्षा सावकाश वाचली जात होती. कागद पिवळा पडलेला, मागच्या बाजूची शाई पुढे उमटलेली. जी पानं वाचायला अवघड होती नेमकी तीच मी टाकून दिली होती, आणि टाकून दिल्याचं मला कळलंही नव्हतं.

आणि मुळात एवढा वेळ का लागत होता? तेही दादानंच शोधलं. टेसरॅक्ट एक पान वाचतानासुद्धा स्वतःच्या आत चार थ्रेड सुरू करतं. म्हणजे माझी पोरं चार, आणि प्रत्येकानं आपापली चार बोलावलेली. शेगड्या चार, हात सोळा. दोन सूत्रधार, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. ‘ओएमपी थ्रेड लिमिट’ नावाची एक सेटिंग असते. तिच्यात 1 लिहिलं. साठ सेकंदांची अट काढली. प्रत्येक पावती उलटून बघायची दोन ओळी वाढवल्या. 1,412 पानं एका तासाच्या आत झाली, 1,412 फाइली आल्या.

‘बावखल’ शोधलं. तरी शून्य. मग नाव शोधलं, आणि आई सापडली. टेसरॅक्टनं तिच्या लेखात सगळीकडे ‘बाबखल’ वाचलं होतं.

दीड पानाचा लेख. वसईतल्या वाड्यांमधली पाणी साठवायची ती जुनी तळी एकेक करून बुजवली जातायत, त्याबद्दल. भाषा जरा जड, विशेषणं जास्त, शेवट उपदेशाचा. मी संपादक असते तर तीन वाक्यं काढली असती. मावशीनं चष्मा लावून लॅपटॉपवर वाचला आणि मधेच म्हणाली, “हे आमचंच बावखल. इथंच तर आम्ही बदकं सोडायचो.” ते बावखल आता नाही. तिथं बिल्डिंग आहे, हे मला माहीत आहे, त्या बिल्डिंगमध्ये माझी मैत्रीण राहते.

त्या संध्याकाळी सगळेच जरा गप्प होते. काका म्हणाले, “इथं गावात एका मिलवाल्यांचंही असंच झालं.” ते हुकुमचंद मिलबद्दल बोलत होते. मलाही ते आठवलं, कारण 2023 च्या नाताळात मी इथंच होते. सकाळची मिस्सा आटोपून घरी आलो तर टीव्हीवर तीच बातमी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडलेल्या मिलच्या सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यापोटी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश त्या दिवशी, 25 डिसेंबरला, देण्यात आला. तीस वर्षांहून जास्त काळ कोर्टकचेऱ्या. तोवर कितीतरी कामगार वारले होते. इंदूर 2017 पासून देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून बक्षीस घेत आलंय, आणि मी राऊला येते तेव्हा ते दिसतंही, रस्त्यावर कागद नसतो. पण काम संपलेल्या माणसांचा हिशेब मिटवणं हेही एक आवरणंच आहे, आणि त्याला कचऱ्याच्या गाडीपेक्षा फार जास्त वेळ लागतो. धाग्यांच्या कारखान्यातली ती माणसं होती. मी मुद्दाम जुळवून लिहीत नाहीये. ते तसंच होतं.

रात्री मी आईला फोन केला. आधी नेहमीचं : जेवलीस का, थंडी आहे का, शनिवारी येतेस ना. मग मी म्हटलं, “आई, तुझा बावखलाचा लेख वाचला.”

पलीकडे एवढी शांतता की मला वाटलं फोन कट झाला.

“कुठं मिळाला तुला?” ती म्हणाली. मग लगेच, “काहीतरीच लिहिलंय ना?”

“नाही. तीन वाक्यं जास्त आहेत फक्त.”

ती हसली. मग आपणहून सांगायला लागली. दुसराही लिहिला होता, विहिरींवर, तो परत आला. सरांनी काय शेरा मारला होता. मग परीक्षा, मग नोकरी, मग लग्न, मग मी. चाळीस मिनिटं ती बोलत होती. मी फारसं काही बोलले नाही. विचारण्याएवढंच काम माझं होतं, आणि ते मी एकवीस वर्षं केलं नव्हतं.

तर जुन्या अंकांचं दालन आता सुरू आहे. ‘बाबखल’चं ‘बावखल’ मी हातानं केलंय. पण बाकीच्या चौदाशे पानांवर टेसरॅक्टनं अजून काय काय चुकीचं वाचलंय ते मशीनला कळणार नाही. पानं वाटून घ्यायला माणसं हवी आहेत. एकेकानं दहा पानं घेतली तरी पुरे, चौदाशे एकदम नकोत, ती चूक करून झाली आहे. आणि पानं दिल्यावर मी तुम्हाला विचारायला येईन.